तारेवरची पाकिटे



आपल्या शिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. २०११ साली युको बँकेने इथे कुलपाविना शाखा उघडली. पण आता पैसा तारेवरूनही जातो. तिथे राखण कशी होते, ते आज सांगतो.

तुम्ही मोबाइलवरून पैसे धाडता. तो निरोप अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण पाकीटच म्हणू. पाकिटावर दोन पत्ते असतात. कोठून निघाले आणि कोठे जायचे. आत मजकूर असतो.

बँकेतले जाणकार या पाकिटांची नक्कल संगणकात उतरवून घेतात आणि तपासतात. वायरशार्क नावाचे एक साधन त्यासाठी आहे. ते फुकट मिळते. आतला मजकूर बहुधा सांकेतिक असतो, तो वाचता येत नाही. पण वरून पुष्कळ कळते. पाकिटे किती? कोणत्या वेळी? कोणत्या पत्त्यावर? पाटाचे पाणी कमी झाले, की बारे देणारा ओळखतो, वर कुठेतरी पाट फुटला. तसेच हे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ऐका. एटीएम यंत्र बँकेला विचारते, "पैसे देऊ का?" ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी मध्येच खोटा जबाब देणारी यंत्रणा बसवली. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचेचना. खोटी यंत्रणा म्हणे, "दे!" २८ देशांतून पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. मिळून सुमारे ९४ कोटी रुपये! तिजोरीचे कुलूप कोणी फोडले नाही. या खटल्यात २०२३ साली ११ जणांना शिक्षा झाली.

म्हणून वाहतुकीवर नजर हवी. मात्र ती ज्याची त्याने आपल्याच तारेवर ठेवावी. दुसऱ्याची पाकिटे चोरून पाहणे हा गुन्हा आहे.

आता आपले काम. ओटीपी कोणालाही सांगू नका. तो चोराला मिळाला, तर त्याचे पाकीट तुमचेच वाटते. मग राखणदाराने ओळखावे कसे? बँकेचा संदेश आला, की दुसऱ्याच्या हाती देऊ नका. स्वतः वाचा. रक्कम पाहा. न काढलेले पैसे गेलेले दिसले, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. उशीर झाला, की पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

तुम्ही अक्षर शिकलात. आता तुमच्या पैशाचे पहिले राखणदार तुम्हीच.