पत्ता घराचा कीं दाराचा?



आजचा विषय संगणकाच्या पोटांतला आहे. परंतु त्याचा आरंभ मी एका वाड्यापासून करतों. ह्या वाड्यास दोन दारें आहेत : हमरस्त्यावरील दिंडीदरवाजा आणि मागल्या बोळांतलें परसदार. दिंडीदरवाज्यावर १० क्रमांकाची पाटी आहे, परसदारावर २० क्रमांकाची. एके दिवशीं टपालवाला परसदारीं येतो आणि १० क्रमांकाचें पत्र पुढें करतो. तें घ्यावें कीं परत पाठवावें? एक यजमान म्हणेल, "दोन्ही पाट्या आमच्याच, आणा इकडे." दुसरा म्हणेल, "ह्या पत्राचें दार हें नव्हे." दोघांचेंही म्हणणें तर्काला धरून आहे, आणि संगणकशास्त्रांत हाच प्रश्न कित्येक वर्षें उभा आहे.

आपल्या संगणकासही अशीं दारें असतात. एक तारेचें, एक वायफायचें. प्रत्येकास इंटरफेस म्हणतात. निरोप ज्या पत्त्यावर येतात तो आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, आपण एखाद्या इंटरफेसच्या नांवापुढें लिहितों. त्यामुळें पत्ता त्या दारास खिळ्यानें ठोकला गेला, अशी सर्वसाधारण समजूत होते. तो खरोखर तसा ठोकला जातो कीं नाहीं, हें मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या धोरणावर अवलंबून असतें.

इंटरनेटवरील यंत्रांनीं कसें वागावें ह्याचे नियम ऑक्टोबर १९८९ मध्यें आरएफसी ११२२ ह्या दस्तऐवजांत ग्रथित झाले. रॉबर्ट ब्रेडन हे त्याचे संपादक. त्यांत ह्या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें नोंदलेलीं आहेत. पत्ता संबंध यंत्राचा मानणें, ही शिथिल पद्धति. ज्या दाराचा पत्ता त्याच दारानें ये-जा, ही कडक पद्धति. दस्तऐवजानें निवाडा दिला नाहीं. दोहोंस मुभा ठेविली.

लिनक्सनें शिथिल पद्धति पत्करली. तेथें पत्त्याची मालकी यंत्राकडे, दाराकडे नव्हे. "हा पत्ता कोणाकडे आहे?" अशी हाक यंत्रें एकमेकांस एआरपी नांवाच्या संकेतानें देतात, हा संकेत १९८२ सालीं लिहिला गेला. मुद्दाम मनाई केली नसेल, तर लिनक्सचें एक दार दुसऱ्या दाराच्या पत्त्यासाठींही 'ओ' देऊं शकतें. ह्यांत लाभ आहे : संबंध जुळण्याचा संभव वाढतो; एक वाट बंद पडली तरी निरोप दुसऱ्या वाटेनें पोंचूं शकतो. विंडोज एक्सपीही आयपीच्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांबाबत शिथिलच होती. व्हिस्टापासून मात्र विंडोजनें कडक पद्धति मूळचीच म्हणून स्वीकारली.

शिथिलतेची किंमत काय, हें डिसेंबर २०१९ मध्यें दिसून आलें. व्हीपीएन हें जणूं एक गुप्त भुयार असतें. तें जोडतांच संगणकास तिसरें, काल्पनिक दार मिळतें आणि त्या दारास स्वतंत्र पत्ता. न्यू मेक्सिको विद्यापीठांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, वायफाय ज्याच्या ताब्यांत आहे असा मनुष्य अंदाजानें एकेक पत्ता लिहून पाकिटें वायफायच्या दारीं टाकीत गेला, तर भुयाराचा खरा पत्ता लागतांच संगणक त्यास उत्तर देई. पत्ता आपलाच असल्यानें दार कोणतें, हें तो पाहत नसे! पुढें कोणत्या स्थळाशीं संबंध चालू आहे हें ताडतां येई, आणि त्या संभाषणांत परका मजकूर घुसडण्याचीही वाट मोकळी होई. गुप्तलिपि फोडण्याची गरजच नव्हती. लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस, आयओएस आणि अँड्रॉइड ह्या सर्वांस ही बाधा होती.

एक उपाय वाड्यांतल्या दुसऱ्या यजमानाचाच आहे. भुयाराच्या पत्त्याचें पाकीट अन्य दारानें आलें तर तें टाकून द्यावें, असा नियम फायरवॉलमध्यें घालावयाचा. वायरगार्ड ह्या व्हीपीएनचें लिनक्सवरील जोडणीचें साधन असा नियम स्वतःच घालतें.

आपण म्हणाल, ह्यांत आम्हां गृहस्थांस काय? घरांतील छायाचित्रांचा सांठा किंवा कचेरींतील हिशेबाची सेवा आपण 'आंतल्या' पत्त्यावर बसवितों आणि निर्धास्त होतों. शिथिल यंत्रांत, बाहेरच्या दाराशीं आलेल्यानें तोच आंतला पत्ता पाकिटावर लिहिला, तर ती सेवा त्यासही उत्तर देऊं शकते. म्हणून कोणत्या दारानें काय आंत यावें, ह्याचा नियम फायरवॉलमध्यें वेगळा लिहिला पाहिजे. पाटीवरून घर ओळखतां येतें. परंतु दार बंद ठेवावयाचें असेल, तर कडी लावावी लागते.