टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन : घ्यावे की न घ्यावे?

(श्रीक्षेत्र जोतिबा येथील देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



या डोंगरावर चैत्र यात्रेत उंच सासनकाठ्या तोलून नाचविणारे पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांपैकीच एखाद्याला पन्नाशीनंतर काठी पेलवेनाशी होते, थकवा येतो, कामेच्छा मंदावते. तो कोणाशी बोलत नाही. कुठलीशी जाहिरात वाचतो आणि इंजेक्शनची चौकशी करतो.

हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी थकव्याने त्रासून आम्ही घरी न सांगता, दुपारच्या जेवणानंतर रक्त तपासून घेतले. टेस्टोस्टेरॉन कमी निघाले. तो अहवाल घेऊन आमच्याच डॉक्टरांसमोर बसलो. इंजेक्शन लिहून मिळेल, अशी खात्री होती. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला. हे संप्रेरक सकाळी अधिक असते, दुपारी घटते, जेवणानंतरही उतरते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन निरनिराळ्या दिवशी तपासावे, असे त्यांनी सांगितले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. एका पावतीवरून ताळेबंद मांडू नये, हे तरी आम्हांस कळावयास हवे होते. दोन्ही वेळा प्रमाण योग्य आले. वाढलेली निघाली ती रक्तातील साखर. पत्नीला सारे सांगितले तेव्हा समजले की, तिला आमची अवस्था वर्षभर दिसतच होती.

लठ्ठपणा, मधुमेह, अपुरी झोप, मद्य आणि काही औषधे यांनीही टेस्टोस्टेरॉन घटू शकते. अशा वेळी आधी मूळ कारणाकडे पाहावे. वजन उतरले की अनेकांचे प्रमाण आपोआप सुधारते.

मग हा उपचार कोणासाठी? ज्यांच्या वृषणांत जन्मजात दोष आहे, गालगुंडाच्या आजारात ज्यांच्या वृषणांना इजा झाली, मेंदूतील पियुषिका ग्रंथीत गाठ झाल्याने ज्यांचे संप्रेरक आटले, अशांसाठी. त्यांच्या दृष्टीने हे औषध चैनीचे नसून गरजेचे आहे; त्यावाचून हाडे आणि स्नायू दुबळे होतात. त्यांनी संकोचापायी मागे राहू नये. लक्षणे आणि दोन्ही अहवाल जुळले, म्हणजेच निर्णयाची वेळ आली.

त्या निर्णयाची खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. कोल्हापूर हे तालमींचे गाव. शरीर कमावण्यासाठी परस्पर इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना आम्ही कळकळीने सांगतो : बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू वृषणांना संदेश देणे थांबवतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. औषध थांबविल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात. पण त्यास अनेक महिने, क्वचित वर्षे लागतात. नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्याने हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. त्याच्यासाठी निराळे उपचार असतात.

हृदयाविषयीची भीती काहीशी निवळली आहे. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांवरील अमेरिकेतील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या औषधाने हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात वाढल्याचे दिसले नाही. मात्र हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. शिवाय रक्त दाट होऊ शकते. म्हणून रक्ताची आणि प्रोस्टेटची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. प्रोस्टेटचा कर्करोग असल्यास, किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार उपचाराविना असल्यास, हे औषध सहसा सुरू करीत नाहीत.

देणगीदारांना आमची विनंती एवढीच की, गरजू रुग्णाच्या दुसऱ्या तपासणीचा भार आपण उचलावा. त्या एका तपासणीने कोणाची अनावश्यक इंजेक्शने टळतील, तर कोणाला खरा उपचार मिळेल. आणि कुटुंबीयांना विनंती की, घरातला पुरुष गप्प झाला असेल तर आपण होऊन विचारावे. आम्हांला कोणी विचारले असते, तर आमची साखर वर्षभर आधी सापडली असती.