पोत्यावरचे नाव आणि पोत्यातला माल

(वडोदऱ्यात मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने ‘तुमच्या कामाबद्दल बोला’ असे सांगितले तेव्हा आम्ही तिघेही संकोचलो. काल याच व्यासपीठावर नाट्यगीते झाली, आणि आज आम्ही पोती, ड्रम आणि तपासणीच्या कागदांबद्दल बोलणार! पण बडोद्याला या धंद्याचे वावडे नाही. प्रा. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली इथेच अलेम्बिक सुरू केली. आमचा कारखाना अगदीच लहान. कॅल्शियमच्या गोळ्या, व्हिटॅमिनचे सिरप, प्रोटीन पावडर, अश्वगंधाच्या कॅप्सूल असा माल आम्ही बनवतो आणि आम्ही तिघे त्याच्या तपासणी विभागात आहोत. इथे बसलेल्या बहुतेक घरांत जेवणाच्या टेबलावर यातली एखादी बाटली असेलच. ती औषधासारखी दिसते, पण कायद्याने ती अन्नात मोडते.

यंदा आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. तुमच्या-आमच्यातलीच, आपल्या विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली. तिला कच्च्या मालाचे स्पेसिफिकेशन लिहायला शिकवायचे होते. स्पेसिफिकेशन म्हणजे एक-दोन पानांचा कागद. कोणता माल घ्यायचा, तो तोच आहे हे कसे ओळखायचे, त्यात मुख्य घटक किती हवा, नको ते किती चालेल आणि हे सगळे कोणत्या पद्धतीने तपासायचे, एवढे त्यात असते. गोडाउनमध्ये आलेला माल त्या कागदाशी जुळला तर आत, नाही तर परत.

पहिल्या दिवशी तिला ग्लिसरीन दिले. सिरपमध्ये ते लागते. तासाभरात तिने टाइप केलेले सुबक पान आणून ठेवले. शुद्धता इतकी, पाणी इतके, रंग असा. एकही आकडा चुकीचा नव्हता. मात्र प्रत्येक ओळ माल पुरवणाऱ्याच्या सर्टिफिकेटवरून उतरवलेली होती. नवी मुले सगळी असेच करतात, त्यात तिला बोल लावण्यासारखे काही नव्हते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटलीवर जे लिहिलेले असते तेच बाटलीत असते. गोडाउनमध्ये लेबल म्हणजे फक्त विकणाऱ्याचे म्हणणे.

आम्ही ते पान बाजूला ठेवले आणि तिला एक रिकामा रकाना आखून दिला. त्यात प्रत्येक ओळीसमोर लिहायचे: हे तपासले नाही, तर याच्या जागी काय आत येऊ शकते?

मग तिला आठ दिवस कॉम्प्युटरजवळ फिरकू दिले नाही. आधी झिंक सल्फेट. नाव एकच, पण एका प्रकारात पाण्याचा एक रेणू असतो आणि दुसऱ्यात सात. पहिल्यात झिंक साधारण ३६ टक्के, दुसऱ्यात जेमतेम २३. कागदावर नुसते ‘झिंक सल्फेट’ लिहिले, तर दुकानदार दोन्ही देऊ शकतो आणि दोन्ही वेळा तो खराच असतो. कॅल्शियमचेही तसेच. गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असेल, तर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम घालावे लागते. हे गणित तिला तोंडपाठ होते. ते कागदावर लिहायचे असते, हे मात्र तिला नवे होते.

अश्वगंधाचा तिने सगळ्यात जास्त आनंद घेतला. नीमच-मंदसौरकडून येणारी मुळे हाताने मोडून, वास घेऊन पाहिली. इंदूर-माळव्याचे पाहुणे इथे असतील तर त्यांना तो वास ठाऊक असेल. आता गंमत पाहा. ज्या विथॅनोलाइड घटकांसाठी मूळ घेतात, ते पानातही असतात आणि पान स्वस्त पडते. अर्कात ‘विथॅनोलाइड अमुक टक्के’ एवढीच अट ठेवली, तर पाला मिसळलेला मालही ऐटीत पास होतो. म्हणून झाडाचा भाग कोणता हे लिहावे लागते आणि तो ओळखण्याची वेगळी चाचणीही द्यावी लागते.

प्रोटीनच्या वेळी तिला २००८ सालचे चीनमधले प्रकरण सांगितले. दुधातले प्रोटीन थेट न मोजता त्यातला नायट्रोजन मोजून हिशेब करण्याची जुनी पद्धत आहे. पाणी घातलेल्या दुधात कुणी मेलामाइन मिसळले. ते प्लास्टिकच्या धंद्यातले रसायन, त्यात वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन. चाचणीत प्रोटीन भरपूर दिसले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. चाचणी करणाऱ्याने मोजमाप बरोबरच केले होते. पण त्याच्यासमोरच्या कागदाने जे विचारले, त्याचेच उत्तर त्याला मिळाले.

त्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने स्वतःच ग्लिसरीनचे पान मागून घेतले.

ग्लिसरीनसारखेच बिनरंगी, घट्ट, गोडसर आणि त्याहून स्वस्त असे एक द्रव्य आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. ते मूत्रपिंडे निकामी करते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे भेसळयुक्त ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. इथल्या ज्येष्ठांना त्या बातम्या आठवत असतील. तिचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. २०२२ साली गांबिया देशात खोकल्याच्या सिरपमुळे मुले दगावली, तेव्हाही हेच नाव पुढे आले. तिने रिकाम्या रकान्यात हे नाव लिहिले आणि समोर मर्यादा घातली: ०.१० टक्क्यापेक्षा जास्त नको, चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफीने, प्रत्येक ड्रमची.

श्रावणात ग्लिसरीनचे आठ ड्रम आले. सर्टिफिकेट चकचकीत, पण त्यात ही ओळच नव्हती. तिने माल अडवला. सिरपचे मशीन बंद पडले. खरेदी विभागाचे आमचे काका वर आले. माणूस मनाने चांगला, पण आवाज मोठा.

‘‘बेटा, पंधरा वर्षे याच माणसाकडून माल घेतोय मी!’’

‘‘काका, ते बनवत नाहीत, विकतात. हे ड्रम त्यांनी कुणाकडून घेतले?’’

काकांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून तीन नावे आली, आणि यातला नेमका माल कुणाचा, ते बघून सांगतो म्हणाले.

आठही ड्रमचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले. दोन दिवस काम थांबले. निकाल आला: आठही ड्रम चोख. काकांनी विचारले, ‘‘मग मिळाले काय? दोन दिवस गेले ना?’’ आम्ही तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, ‘‘काका, आता हे ड्रम ग्लिसरीनचे आहेत. परवापर्यंत त्यांच्यावर तसे नुसते लिहिलेले होते.’’

काका काही बोलले नाहीत. दोन दिवसांचे नुकसान खरेच झाले होते आणि ते आम्ही नाकारलेही नाही. लहान कारखान्याला असे दोन दिवस महाग पडतात.

त्या स्पेसिफिकेशनच्या दुसऱ्या आवृत्तीत आता एक ओळ वाढली आहे: मूळ उत्पादकाचे नाव सर्टिफिकेटवर असल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये. त्या पानावर खरेदी विभागाची सही लागते. काकांनी ती कुरकुरत केली. हल्ली मात्र ते ऑर्डर देण्याआधीच समोरच्याला फोनवर विचारतात, ‘‘ग्लायकॉलवाली लाइन आहे ना भाई तुमच्या कागदात? नाहीतर आमची पोरगी ड्रम उतरवू देत नाही.’’

ती आज इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत. कुणाला घरच्या बाटल्यांविषयी काही विचारायचे असेल तर आरतीनंतर तिलाच गाठा.