किल्ली कोणाच्या हातात?



तुमच्याकडे कापूस-ज्वारी, डहाणू-तलासरीला भात, नागली आणि वरी. पीक वेगळे, सातबारा मात्र तोच. तो आता तलाठ्याच्या दप्तरातून सरकारच्या संगणकात गेला. महाभूलेखवर तो कोणीही फुकट पाहू शकतो. 15 रुपयांत डिजिटल सहीचा उताराही निघतो. पूर्वी त्यासाठी किती खेटे घालावे लागत, हे तुम्हाला काय सांगायचे!

पण वाचणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. फेरफाराची नोंद झाली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. हे कुलूप हवेच. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून 1974 च्या कायद्याने महसूल संहितेत 36-अ कलम घातले, ते काही हौसेने नव्हे. आता बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदरामुळे डहाणू-तलासरीच्या जमिनीवर पुष्कळांचा डोळा आहे. कोणता गट कोणाच्या नावावर, हे दलालही घरबसल्या वाचतो. म्हणून उतारा झाकून ठेवावा काय? आम्हाला ते पटत नाही. दलाल ओळखीने मिळवीलच. अडेल तो शेतकरी.

खरा घोटाळा चुकीच्या जागी लावलेल्या कुलपाने होतो. 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तलासरीच्या एका पाड्यावरची वयस्क बाई तो काढायला गेली. राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र अंगठा घेईना. ओटीपी जायचा मुलाच्या मोबाइलवर, मुलगा वापीच्या कारखान्यात पाळीवर. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "आजी, माझाच नंबर टाकू का?" आजी हो म्हणाली. पोरगा वाईट नव्हता. पण तिच्या नावावरचा प्रत्येक निरोप यापुढे त्याच्या खिशात वाजणार. कुलूप इतके घट्ट केले की मालकिणीनेच किल्ली परक्याला दिली.

आमची मागणी साधी आहे. वाचायला मोकळीक राहू द्या, पण खातेदाराचा मोबाइल आणि आधार कोणाला दिसू नये. नोंद कोणी, कधी बदलली हे खातेदाराला कळावे. अंगठा उमटत नसेल तर गावात येऊन ओळख पटवावी.

सीसीआयला कापूस घालताना सातबाऱ्यावरची पीकनोंद मागतात, तेव्हा हे तुमच्याही दारी आलेच आहे. आज घरी गेल्यावर आपल्या ओळख क्रमांकाला कोणाचा मोबाइल जोडला आहे तेवढे पाहा. दुसऱ्याचा निघाला तर पुढच्या बैठकीला कागद घेऊन या, बदलाचे अर्ज एकत्रच देऊ.