ड्राइव्ह दिसेनासा झाला, तर प्रथम काय करावे?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी मी जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या कामाचा वाटणार नाही. संगणकाची दुरुस्ती हे कारागिराचे काम आहे, शिक्षकाचे नव्हे, असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही. परंतु कारागीर बहुधा तालुक्याच्या गावी असतो आणि संगणक आपल्या शाळेत असतो. दोघांची गाठ पडेपर्यंतच्या काळात आपण काय करतो आणि काय टाळतो, यावर शाळेची कित्येक वर्षांची नोंद राहणार की जाणार, हे पुष्कळदा ठरते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

विंडोज १० ह्या कार्यप्रणालीला दिले जाणारे सर्वसाधारण साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविले. त्यामुळे अनेक ठिकाणी विंडोज ११ बसविण्याचे काम निघाले. ते उरकल्यावर संगणक सुरू होतो, परंतु ज्या ड्राइव्हवर निकालपत्रके, हजेरीचे तक्ते, स्वाध्याय आणि छायाचित्रे ठेविली होती तो कोठेच दिसत नाही. किंवा संगणक सुरूच होत नाही आणि ड्राइव्ह सापडत नाही एवढेच सांगतो. सरल किंवा यू-डायस प्लस यांवर भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असते, तिची चिंता नाही. शिक्षकाने स्वतः तयार केलेले काम मात्र त्या एकाच ड्राइव्हवर असते. त्याची दुसरी प्रत नसेल, तर खरा धोका तेथे आहे.

प्रथम ही वस्तू कशी आहे ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असे. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, यात फिरणारा एकही भाग नाही. सूक्ष्म कोशांत विद्युत्‌भार साठवून तो मजकूर राखतो, आणि कोणता मजकूर कोठे आहे याचा हिशेब त्यातील नियंत्रक ठेवतो. म्हणून तो वेगवान असतो, हादरेही बऱ्यापैकी सोसतो. परंतु त्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हार्ड डिस्कवरील मजकूर पुसला, तरी त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो बहुधा परत मिळविता येतो. एसएसडीच्या बाबतीत, अमुक जागा आता मोकळी आहे असे कार्यप्रणाली नियंत्रकास कळविते; ह्या योजनेस ‘ट्रिम’ म्हणतात. मग नियंत्रक ती जागा खरोखरच साफ करून टाकतो. एसएसडीवर पुसलेले परत मिळण्याची आशा म्हणूनच फार थोडी असते.

यावरून आजच्या भाषणातील मुख्य सूत्र निघते. न दिसणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. परंतु न दिसणाऱ्या वस्तूवर घाईने काही लिहिले, तर ती खरोखरच नष्ट होते. ड्राइव्ह कोठे अडला आहे हे कळेपर्यंत त्यावर काहीही लिहावयाचे नाही.

तो कोठे अडला आहे, हे कसे ओळखावे? आपल्या व्यवहारातलेच उदाहरण घेऊ. एखादे मूल हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणाले नाही, तर तीन शक्यता असतात. ते शाळेच्या फाटकातून आतच आले नसेल. फाटकातून आले असेल, पण वर्गात पोचले नसेल. किंवा वर्गात बसले असेल, पण पटावर नाव नसल्यामुळे त्याला कोणी हाक मारली नसेल. ड्राइव्हचेही असेच आहे. संगणक सुरू होताना प्रथम जागी होणारी मूळ आज्ञावली, जिला आपण बायोस म्हणतो, ते फाटक होय. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ हा वर्ग होय. आणि सी, डी, ई ही जी अक्षरे आपण रोज पाहतो, तो पट होय.

तपासास आरंभ करण्यापूर्वी संगणक एकदा ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ने तोच परिणाम होतो असे नाही, ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असल्यास विंडोज आपली जुनी स्थिती जपून ठेविते आणि तीच पुन्हा उघडते. एवढ्याने काम न भागल्यास क्रमाने पुढे जावे.

पटापासून आरंभ करू, कारण तेथील उपाय सर्वांत सोपा आहे. स्टार्टच्या बटणावर उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे ड्राइव्ह आपल्या योग्य आकारासह दिसत असून त्यास केवळ अक्षर नसेल, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडून मोकळे असलेले एखादे अक्षर द्यावे. ‘ऑफलाइन’ असे लिहिलेले असेल, तर ‘ऑनलाइन’ करावे. या दोन कृतींनी आतील मजकुरास धक्का लागत नाही.

परंतु ह्याच ठिकाणी दोन सापळे आहेत. कधी विंडोज आपण होऊन विचारते की हा ड्राइव्ह ‘इनिशिअलाइझ’ करावयाचा काय. कधी म्हणते की वापरण्यापूर्वी तो ‘फॉरमॅट’ करावा लागेल. प्रश्न इतक्या सौजन्याने विचारलेला असतो की होकार देणे हीच रीत वाटते. नव्या कोऱ्या ड्राइव्हच्या बाबतीत तो होकार योग्य आहे. ज्यात आपले काम आहे त्या ड्राइव्हच्या बाबतीत मात्र ‘कॅन्सल’ हेच एक उत्तर. ड्राइव्हवर ‘रॉ’, ‘अनअलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशिअलाइझ्ड’ असे दिसले, तर तेथेच थांबावे, संगणक बंद करावा आणि जाणकाराकडे न्यावा.

आता दुसरी शक्यता पाहू. बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो, पण विंडोजला दिसत नाही. असे झाल्यास दोष बहुधा ड्राइव्हर नामक आज्ञावलीत असतो. ड्राइव्हशी बोलण्याची भाषा नव्या कार्यप्रणालीला ठाऊक नसते. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या पुष्कळ संगणकांत ‘व्हीएमडी’ नावाची व्यवस्था असते. अशा संगणकावर पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवू लागल्यास ड्राइव्हच्या यादीत काहीच न येण्याचा संभव असतो. तेथे घाबरण्याचे कारण नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून योग्य ड्राइव्हर पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि ‘लोड ड्राइव्हर’ निवडून तो दाखवावा. व्हीएमडी बंद करून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास मात्र सावध असावे. जे विंडोज ती व्यवस्था चालू असताना बसविले होते, ते ती बंद केल्यावर बहुधा सुरूच होत नाही. तसे झालेच, तर बदललेली मांडणी पूर्ववत करावी. बसविल्यापासून दहा दिवसांच्या आत ‘गो बॅक’ निवडून जुन्या विंडोजकडे परत जाण्याची सोयही असते.

तिसरी शक्यता फाटकाची. बायोसमध्येच ड्राइव्ह दिसत नसेल, तर विंडोजला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन घटना एका दिवशी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवितोच. वीजजोड काढून मगच डेस्कटॉपचे झाकण उघडावे. अडीच इंची एसएसडीला मजकुराची एक आणि विजेची एक अशा दोन तारा असतात. त्या घट्ट बसवाव्यात. एम-डॉट-टू प्रकारची पट्टी एकाच स्क्रूवर धरलेली असते. ती काढून पुन्हा नीट बसवावी. लॅपटॉप मात्र आपण उघडू नये.

याच पायरीवरचा आणखी एक प्रकार अद्ययावतीकरणाशी थेट संबंधित आहे. विंडोज ११ ला बायोसची ‘यूईएफआय’ ही नवी पद्धत लागते. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज १० हे ‘लेगसी’ ह्या जुन्या पद्धतीने बसविलेले होते आणि ड्राइव्हची विभागणीही ‘एमबीआर’ ह्या जुन्या रीतीची होती. ती ‘जीपीटी’ रीतीत न बदलता केवळ बायोसची पद्धत बदलली, की संगणकाला त्या ड्राइव्हवरून सुरू होता येत नाही. यात ड्राइव्ह मुळीच बिघडलेला नसतो. जुनी पद्धत पुन्हा निवडताच बहुधा सर्व पूर्ववत होते. त्यानंतर सर्व कामाची प्रत घ्यावी, मायक्रोसॉफ्टच्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ ह्या साधनाने विभागणी बदलावी, आणि मगच नव्या पद्धतीकडे जावे. क्रम उलटा केला की अडचण आलीच.

शेवटी एका कुलपाविषयी सांगणे अवश्य आहे. नव्या विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’च्या योगाने ड्राइव्ह कुलूपबंद होऊ शकतो, आणि बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागू शकतो. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सुरू केला, त्या खात्यात असते. आता विचार करा. ते खाते एखाद्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक नावाचे आहे आणि त्यांची दूरच्या तालुक्यात बदली झाली आहे. ड्राइव्ह शाबूत, मजकूर शाबूत, पण किल्लीवाचून शाळेला त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून ही किल्ली कागदावर उतरवून शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि प्रभार देताघेताना जडवस्तूंबरोबर तिचीही नोंद व्हावी.

ह्या विवेचनाचे सार तीन कामांत सांगता येईल. अद्ययावतीकरणापूर्वी शाळेच्या सर्व कामाची एक प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. बायोसमधील मांडणीची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन ठेवावीत. आणि किल्ली जपावी. या कामांस एक दुपार पुरते.

बंधुभगिनींनो, पटावर नाव दिसले नाही म्हणून आपण मुलाला शाळाबाह्य ठरवीत नाही. घरी जातो, चौकशी करतो आणि मग निर्णय घेतो. यंत्राच्या बाबतीतही हाच धीर आणि हाच क्रम ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.