आजींच्या वाट्याचं रानडुक्कर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



इटलीत टस्कनीच्या दक्षिणेला, समुद्राच्या अंगाला मारेम्मा नावाचा मुलूख आहे. ग्रोसेतो हे तिथलं मुख्य शहर. एके काळी हा सगळा दलदलीचा आणि हिवतापाचा प्रदेश होता. १८२८ पासून तिथल्या ग्रँड ड्यूकने दलदल आटवायला घेतली, पण काम पुरं व्हायला विसावं शतक उजाडलं. झाडोरा मात्र राहिला, आणि त्यात ओकची फळं खाऊन माजलेली रानडुकरंही राहिली. द्राक्षमळ्यांची ती नासाडी करतात. शेतकऱ्याचा त्यांच्यावरचा राग आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

मी तिथल्या एका खेड्यात राहत होते, तेव्हा खालच्या मजल्यावर ऐंशी पार केलेल्या एक बाई होत्या. मी त्यांना आजीच म्हणायचे. त्यांचे यजमान शिकाऱ्यांच्या टोळीत होते. कुत्र्यांनी हाका घालायचा, बाकीच्यांनी नेमल्या जागी उभं राहायचं आणि मिळेल ते मांस सगळ्यांत वाटून घ्यायचं, अशी ती शिकार. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी टोळीने आजींचा वाटा बंद केला नव्हता. आजीही हंगामातल्या पहिल्या वाट्याचा रस्सा करून टोळीला जेवू घालायच्या. त्या वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला होता. सुरी धरवेना. जेवण रद्द केलं असतं तर पुढच्या वर्षी वाटा दयेचा झाला असता. मला हाक मारून म्हणाल्या, "तू काप, मी सांगते."

मांस तपासून आलंय ना, हे त्यांनी आधी विचारलं. रानडुकरात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो, म्हणून पशुवैद्यक नमुना तपासतात. घरच्या फ्रीझरवर यात विसंबू नये, काही जाती गोठवूनही मरत नाहीत. मांस आतपर्यंत शिजणं महत्त्वाचं.

खांद्याचं दोन किलो मांस होतं. त्याचे मोठे तुकडे केले. कांदा, गाजर, सेलरी, रोझमेरी, तेजपत्त्याच्या जातीची पानं आणि जुनिपरची काळी फळं घालून रात्रभर लाल वाइनमध्ये बुडवून ठेवले. सकाळी आजींनी ती वाइन मोरीत ओतायला लावली. माझा जीव तुटला! पण उग्र वास तिच्यात उतरलेला असतो. मग तुकडे कोरडे पुसून, तेलाशिवाय पातेल्यात टाकले. त्यांना सुटलेलं पाणीही फेकलं.

पुढचं काम आपल्या ओळखीचं. कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद परतायचं, त्यात लसूण, सुकी मिरची आणि मांस घालून चांगला रंग येऊ द्यायचा. पेलाभर ताजी वाइन ओतून आटवायची, मग बेताचा टोमॅटो आणि गरम पाणी. झाकण किंचित तिरकं ठेवून तीन तास. शेवटच्या अर्ध्या तासात काळे ऑलिव्ह.

दोन तास झाले तरी मांस चिवटच, म्हणून मी आच वाढवली. आजींनी काठी आपटली. रानात धावलेल्या जनावराच्या मांसात चिवट तंतू फार. मंद आचेवर सावकाश शिजले की ते विरघळून रस्सा दाट करतात. खळखळून उकळलं तर मांसातलं पाणी पिळून निघतं आणि तुकडे कोरडे होतात.

आर्तुसी यांच्या १८९१च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात रानडुकराचा आंबटगोड प्रकार आहे, चक्क चॉकलेट घातलेला. मी एकदा खाल्लाय. एकदा पुरे.

आपल्याकडे हा रस्सा करायचा तर रानडुकराचा विचारच नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे; मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा. गावाकडून कुणी प्रेमाने डबा आणला तरी परत करावा. बकऱ्याच्या खांद्याचं मटण घ्या. ते वाइनमध्ये दोन-तीन तास ठेवलं तरी पुरे. जुनिपर मिळालं नाही तर चार मिरे आणि एक लवंग. गरम मसाला घालू नका, मग ते आपलंच मटण होतं. कुकरचा मोह टाळा: मांस मऊ होतं, पण रस्सा पाणीदार राहतो. जाड बुडाच्या पातेल्यात दीड-दोन तास लागतील. तिकडे सोबतीला मक्याच्या पिठाचा पोलेंता असतो. आपल्याला ज्वारीची भाकरी उत्तम.

त्या रविवारी सातजण जेवायला आले. कुणी फारसं बोललं नाही. ताटल्या पावाने पुसून झाल्यावर त्यांतला सर्वांत वयस्क म्हणाला, "यंदा मीठ जरा कमी पडलंय."

"ऑलिव्ह खा," आजी म्हणाल्या. मांस कुणी कापलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.