विधेयक कसे मांडले जाते?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



नववीला नागरिकशास्त्र शिकवताना एका मुलीने विचारले, "सर, कायदा फक्त मंत्रीच आणतात का?" पाठ्यपुस्तकातले एका ओळीचे उत्तर मला पुरेसे वाटले नाही.

मंत्री नसलेल्या सदस्यालाही विधेयक मांडता येते. त्याला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. सोबत मसुदा आणि उद्देश व कारणे यांचे निवेदन. सभागृहाची परवानगी मिळाली की विधेयक मांडले जाते. हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात चर्चा होऊन एकेक कलम मताला टाकतात, तिसऱ्यात संपूर्ण विधेयक. पुढे दुसरे सभागृह आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. लोकसभेत अशा सदस्यांच्या वाट्याला शुक्रवारचे अखेरचे अडीच तास येतात, तेही ठरावांबरोबर वाटून! 1970 नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही.

मग मांडायचे कशाला? गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे पाहा. मूळचे ते शिक्षकच. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक! सहा ते दहा वर्षांची मुले, तीही स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथे. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. जिना आणि मझहरुल हक यांनी पाठिंबा दिला. तरी 1912 साली विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. पण सहाच वर्षांनी, 1918 मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा करवून घेतला.

स्वातंत्र्यानंतर खाजगी सदस्याचे पहिले यशस्वी विधेयक तर वक्फचेच होते. सय्यद मोहम्मद अहमद काझमींनी 1952 मध्ये मांडलेले, 1954 मध्ये कायदा झालेले. त्या वेळी पंतप्रधान नेहरू होते, शिक्षणमंत्री मौलाना आझाद. 1942 मध्ये या दोघांना आपल्याच नगरच्या किल्ल्यात कोंडले होते.

गोखल्यांच्या विधेयकात सुरुवातीला सक्ती मुलग्यांपुरतीच होती. मुलींचे नंतर पाहू, अशी तरतूद होती. देशभर मुलगा-मुलगी दोघांना हा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये झाला. तोही चौदा वर्षांपर्यंतच. पुढचे पालकांच्या हाती.

दर जूनमध्ये नववीची हजेरी घेताना आठवीतली काही नावे पटावर नसतात. पालकहो, त्यात बहुतेक नावे मुलींची असतात.